वाकडं सीताफळ

माझी भावजय सत्यशीला येडी हाय, असं मी पंधरा वर्षं सगळ्या वस्तीला सांगत आले. आता त्याच तोंडानं तिची गोष्ट सांगायची म्हणल्यावर जरा अवघडल्यागत होतंय, पण सांगते. मी वनमाला. नवरा वारल्यावर माहेरी आले ती भावाच्या घरी राहिले. नांदूरघाटच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडंला आमची दहा-बारा घरांची वस्ती हाय. भाऊ अजिनाथ माझ्याहून धाकटा. तो आन् सत्यशीला मिळून एक कोयता. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगते, ऊसतोडीत नवरा-बायको अशी दोन माणसं धरत न्हाईत, दोघांचा मिळून एकच कोयता धरतात. दसरा झाला की कोयता कारखान्याला जातो, उन्हं तापली की परत येतो. तवर घर, शेरडं आन् त्यांची पोरगी करिष्मा माझ्या जिम्म्याला.

मी माहेरी आले त्याच वर्षी दिवाळीला तिकडं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याजवळ डोंगरातली चार सीताफळं फडक्यात बांधून दिलती. पोचेपर्यंत त्यांचा पार लगदा झालता. सत्यशीलानं तो लगदा खाल्ला, बिया धुऊन पदराच्या गाठीला बांधल्या आन् उन्हाळ्यात परत आल्यावर आमच्या बरडाच्या बांधावर लावल्या. बरड म्हणजे काय, मुरूम आन् दगड, तिथं कुसळ पण इचार करून उगवतंय. पण एकोणीस झाडं जगली.

आता ह्यातली मेख बघा. सीताफळ पिकतंय दसरा-दिवाळीला, आन् सत्यशीला घर सोडती दसऱ्याला. झाडं तिनं लावली, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी तिनं घातलं, आन् पिकलेलं फळ तिनं झाडावर एकदा पण बघितलं न्हाई. हिरवं, दगडागत कडक, डोळे मिटलेलं फळ हातानं चाचपायची आन् ट्रॅक्टरमधी बसायची. पुढं आठ-पंधरा दिवसांत त्या फळांचे डोळे उघडायचे, डोळ्यांच्या मधल्या रेघा पांढऱ्या व्हायच्या, आन् ते बघायला असायची कोण, तर मी. मी आन् करिष्मा उंबऱ्यात बसून खायचो, बिया अंगणात थुंकायचो. चार तिला पाठवायचो. त्यांचा लगदा व्हायचा.

एकदा ती मला म्हणली, "वन्सं, तिकडं पाचटाच्या कोपीत पडलं की मला सपनात झाड येतंय. पण सपनात पण फळं हिरवीच असत्यात."

मी म्हणलं, "मंग सपनात जरा जास्त दिवस थांब की."

असं बोलायची मी. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

अवंदा गुढीपाडव्याला अजिनाथनं मात्र शब्द दिलता. तो म्हणला, "झाडं भरून लागली तर घर त्याच्यावर निघंल. मंग कोयत्याला जायचं न्हाई." बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून सत्यशीलाचे पाय जमिनीला लागंनात. दिवाळीला आपल्या घरात असायचं आन् आपल्या झाडाचं फळ डोळे उघडताना बघायचं, दुसरं काही तिला नको होतं. सोनं नको, लुगडं नको. मला तवा हसू आलं. आता येत न्हाई.

सीताफळाचं फूल तुमी बघितलंय का? खातात सगळे, फूल कुणी बघत न्हाई. पानाआड खाली मान घालून असतंय, हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं. दुरून कळीच वाटती, कारण ते पुरं उघडतच न्हाई. जेठ लागला, दोन सरी येऊन गेल्या की झाडाला ही फुलं लागतात, आन् मंग सत्यशीला सापडायची फकस्त झाडाखाली. उजाडताना, अजून चुलीला जाळ लागायचा असतो, ही आपली मान वर करून, डोळे अर्धे मिटून, फुलाला नाक लावून उभी. पानांतून ऊन गळायचं तिच्या तोंडावर. हाक मारली तरी ऐकू जायचं न्हाई.

"काय करायलीस गं? झाडाला नवस बोलायलीस का?"

"हळू बोला वन्सं. आत बसलेत."

"कोण बसलेत?"

"बारके."

मी जवळ जाऊन बघितलं. तिनं नखानं एक पाकळी जराशी सारली. आत तिळाहून थोडे मोठे, तपकिरी, चपटे दोन किडे खुशाल बसलेले. मी म्हणलं, ईऽऽ, किडा लागलाय की फुलाला! ती हसली. लई हळू हसती ती.

"किडा लागला न्हाई वन्सं, किडा आला हाय. वास घ्या."

घेतला. जास्त पिकलेल्या केळागत वास, गोड आन् आंबूस. तिनं सांगितलं की हा वास तिनं वळखला तो इथं न्हाई, तिकडं उसाच्या फडात. कोपीच्या मागं चघळलेल्या उसाचा चोथा पडतो, तो आंबला की हेच बारके त्याच्यावर येतात. चार-पाच हंगाम तिनं ते बघितलं. मंग घरी आल्यावर एका सकाळी फुलाजवळ तोच वास आला आन् तिच्या डोक्यात उजेड पडला. फूल आंबलेल्या फळाचं सोंग घेतंय, ह्यांना बोलवायला.

तवापासून ती झाडांखाली आंब्याच्या साली आन् कोयी टाकायची. आमच्या एकट्याच्या न्हाई, साऱ्या वस्तीच्या. पाटी घेऊन दारोदार फिरायची, "आंब्याच्या साली हायेत का?" लोक पोट धरून हसायचे. फुटक्या खापरांत गुळाचं पाणी आंबवून फांद्यांना टांगायची. म्हणायची, बारके आधी जेवायला येत्यात, मंग शेजारी फूल हाय ते त्यांना कळतंय. आन् मी तर नाकानं कांदे सोलणारी बाई. वासानं मी बेजार व्हायची. अंगणापर्यंत माश्या. रोज भांडण.

पण भांडून झालं की मी पण तिथंच टेकायची, खोटं कशाला बोलू. तिचं बोलणं ऐकताना डुलकी लागल्यागत व्हायचं. ती सांगायची, "बघा, ह्या फटीतून मधमाशीचं डोकं पण जायचं न्हाई. बारक्याचं अंग चपटं, तोच तेवढा आत जातो. दार त्याच्याच मापाचं हाय."

"मंग सगळं उघडत कावून न्हाई हे फूल? उघडलं तर कुणी पण येईल."

"कुणी पण यायला नकोच हाय त्याला."

पुढं म्हणली, "पहिल्या दिवशी फूल बाई असतंय वन्सं. दुसऱ्या दिवशी बाप्या."

"अगं लाज धर, पोरगी ऐकंल!"

"खरं सांगते. पहिल्या दिवशी आतला गाभा ओला असतोय, चिकट. पण फुलाचं स्वतःचं पीठ, ती आतली पिवळसर भुकटी, तवा तयार नसतंय. पीठ सुटतंय दुसऱ्या दिवशी, आन् तवर गाभा वाळून जातो. एकट्या फुलाचं एकट्यानं भागत न्हाई. म्हणून बारक्याला आत घ्यायचं, एक दिवस निवाऱ्याला ठेवायचं, जाड पाकळी खायला द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पीठ झाडायचं आन् पाकळ्या फाकवून म्हणायचं, जा बाबा आता. तो उठतो आन् दुसऱ्या नव्या फुलात शिरतो. तिथं त्याच्या अंगाचं पीठ लागतंय."

मंग ती मधीच झोपेत बोलल्यागत म्हणायची, "लई जुन्या काळी ह्या बारक्याच्या कुण्या पणज्याला आंबूस वास आवडला असंल. ज्या झाडाच्या फुलाला तसा वास, त्यालाच फळं लागली, त्याचंच बी पडलं. म्हणून वास वाढत गेला. आन् ज्या किड्याचं अंग बारीक, तो आत शिरला, त्याला निवारा घावला, त्याचीच पोरं जगली. फुलानं दार बारीक केलं, ह्यानं अंग बारीक केलं. दोघांनी एकमेकाला घडवलंय वन्सं."

"आपल्याकडं नवरा-बायको एकमेकाला बिघडवत्यात," मी म्हणलं, आन् आमी दोघी हसलो.

त्या वर्षी, म्हणजे ह्याच वर्षी, फुलं अशी लागलती की पानं कमी आन् फुलं जास्त. सत्यशीला हरखून गेलती. तेवढ्यात चकलांब्याहून, तिच्या माहेराहून, भाच्याच्या जावळाचं बोलावणं आलं. तीन दिवसांसाठी गेली. जाताना म्हणली, "वन्सं, झाडांकडं लक्ष ठिवा."

लई चांगलं ठेवलं मी लक्ष.

ती गेली त्याच दुपारी निरोप आला की नेकनूरचे पाहुणे करिष्माला बघायला परवा येणार. पाहुणे बांधावरूनच येणार, आन् तिथं साली, कोयी, माश्या, आंबलेली खापरं. म्हणलं, पोरीचं नसीब मी ह्या घाणीपायी घालवू का? खराटा घेतला. एकोणीस झाडांखालची सगळी जमीन आरशागत केली. साली खड्ड्यात पुरल्या, खापरं फोडली. आन् एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण फुलांतून किडे फिरताना दिसले. मागच्या साली कापसावर मारायचं औषध राहिलं होतं. पंप पाठीला लावला आन् झाडं धुऊन काढली, वरपासून खालपर्यंत. पदर खोचून, गाणं म्हणत. वास गेला, माश्या गेल्या. मला वाटलं, सत्यशीला येऊन बघंल आन् म्हणंल, वन्सं, किती राबलात!

करायला गेले गणपती आन् झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या हातनं तर मारुती पण झाला न्हाई. पाहुण्यांचा त्या दिवशी सकाळी फोन आला, त्यांच्यात कुणाला ताप आलता, पुढं बघू म्हणले. आलेच न्हाईत.

सत्यशीला आली तवा ऊन कलत होतं. पिशवी पण खाली न ठेवता बांधावर गेली. मी मागं मागं, शाबासकीच्या आशेनं. तिनं स्वच्छ जमीन बघितली. मंग एक फूल हातात घेऊन पाकळी सारली. आत दोन बारके, पाय वर करून मेलेले. दुसरं फूल उघडलं. तिथं एक दारातच मेलता, अर्धा आत, अर्धा बाहेर. ती एकेक फूल उघडत गेली. औषध मारल्याच्या चौथ्या दिवसापासून फुलं गळायला लागली. गाभ्यासकट, देठासकट. सकाळी उठावं तर झाडांखाली हिरवा सडा.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणली, "कावून केलं वन्सं?"

मी उसळले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं. "तुझ्याच पोरीसाठी केलं! मला काय पडलंय तुझ्या किड्यांचं?" असं म्हणले, आन् म्हणता म्हणता भांडी घासणारा माझा हात थांबला. कारण मला दिसलं की ती रडत न्हाई. ती भाकरी थापायली, आन् तिच्या तोंडावर तेच हाय जे दरसाली ट्रॅक्टरमधी बसताना असतंय. ती मनानं निघाली पण होती. मी भांडी तशीच टाकून शेरडांच्या गोठ्यात जाऊन रडले. भावाच्या घरी पंधरा वर्षं खाल्लं, आन् त्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली ती मी पंपानं मारून टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सत्यशीला उठली. करिष्माचे शाळेतले रंगाचे दोन ब्रश घेतले, एक स्टीलची वाटी घेतली. वाटीत आदल्या दिवशीच्या फाकलेल्या फुलांचं पीठ होतं, चिमूटभर पिवळसर. ती झाडाखाली गेली. मी पण गेले, न बोलावता. तिनं माझ्याकडं बघितलं आन् एक ब्रश माझ्या हातात दिला.

"बारीक फट असलेलं नवं फूल बघा. पीठ लावून आत घाला. गोल फिरवा, सगळीकडून. एका बाजूनंच लावलं तर तेवढीच बाजू भरंल."

"म्हणजे?"

"सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक बी. ज्याला पीठ लागलं न्हाई तो डोळा भरत न्हाई. फळ वाकडं होतं."

असे आमी दोघी किडे झालो. सकाळच्या गार वाऱ्यात, अंगावर दव, डोळ्यांवर अजून झोप. फुलाचा तो वास इतक्या जवळून घेऊन डोकं हलकं व्हायचं, आन् कधी कधी मला खरंच वाटायचं की मी तिळाएवढी हाय, जाड हिरव्या भिंतींच्या खोलीत बसले हाय, बाहेर ऊन हाय आन् मला कुठं जायचं न्हाई. मंग हात दुखायचा आन् मी परत वनमाला व्हायची. एका फुलाला मला जेवढा वखत लागायचा, तेवढ्यात बारका चार फुलं हिंडून आला असता. खालच्या फांद्या झाल्या. वरच्यांना हात पोचंना. त्या किड्याची किंमत मला तवा कळली, मानंला कळ लागल्यावर.

"बारके येतील का गं परत?"

"डोंगरातून येतील. जेवायला घातलं तर."

मंग मी काय केलं असंल, सांगा. पाटी घेतली आन् वस्तीत दारोदार फिरले. "आंब्याच्या साली हायेत का?" लोक हसले. हसू द्या म्हणलं. आखाडाच्या मध्यावर एका सकाळी सत्यशीलानं मला हाताला धरून नेलं, पाकळी सारली. आत एक बारका बसलेला. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला हात जोडले, खरंच जोडले.

पण वखत गेलता तो गेला. उशिराची थोडी फुलं धरली, आमच्या ब्रशची धरली, तरी झाडं भरली न्हाईत. घर निघण्याजोगं काही नव्हतं. भादव्यात अजिनाथनं टोळी जमवणाऱ्या मुकादमाला शब्द दिला, एका कोयत्याचा. अजिनाथचं पण बरोबर होतं. सत्यशीलानं ट्रंक काढली आन् पांघरुणं उन्हात टाकली.

मी ती पांघरुणं उचलून परत आत नेली.

"अजिनाथ," मी म्हणलं, "कोयत्याला दोन माणसं लागतात ना? एक तू. दुसरी मी."

"अक्का, डोकं फिरलंय का तुझं?"

"लग्न झाल्यावर चार हंगाम तोडलेत मी. ऊस काय बदललाय का?"

सत्यशीला दारात उभी होती. म्हणली, "वन्सं, तुमच्यानं मोळी उचलणार न्हाई. गाडीवर चढताना पडाल."

"पडले तर उसावरच पडंन, गोड लागंल. तू गप. जे मी मारलं ते मी भरायचं. तू झाडांजवळ बस."

ती पुढं आली. मंग लहान पोरीगत माझ्या पाया पडली आन् उठता उठंना. मी तिला खेकसले, "ऊठ, ऊठ. आंब्याच्या सालींचा वास येतोय तुझ्या अंगाला."

दसऱ्याला मी ट्रॅक्टरमधी बसले. बसायच्या आधी एक हिरवं फळ हातानं चाचपलं, ती चाचपायची तसं. पन्नाशीला आलेल्या बाईनं ऊस तोडणं काय असतंय ते मी सांगत बसत न्हाई. पहिले आठ दिवस रोज वाटायचं, आज मरंन. नवव्या दिवसापासून वाटायचं बंद झालं. दुपारी बांधावर डोळा लागला की मला पण झाड दिसायचं, हिरव्या फळांचं.

दिवाळी होऊन गेल्यावर आमच्याकडचाच एक ट्रॅक्टरवाला आला. फडक्याचं गाठोडं त्यानं माझ्या हातात दिलं. मी बांधावर बसून सोडलं. चार सीताफळं, तीन गोल आन् एक वाकडं. वाकड्याचा एक गाल भरलेला, दुसरा चपटा, डोळेच न्हाईत त्याला. अर्धा लगदा झालता.

अजिनाथच्या मोबाइलवरून फोन लावला.

"पोचली का वन्सं? वाकडं तेवढं तुमच्या हातचं हाय. मी वळखून ठेवलंतं."

"गोल फिरवायचं मला कुठं जमतंय," मी म्हणलं. "तू खाल्लंस का?"

फोनात नुसतं मागं शेरडू ओरडत होतं. मला वाटलं फोन कटला.

"सत्यशीले, खाल्लंस का गं?"

"खाल्लं. झाडाखाली उभं राहून, झाडावरच पिकलेलं. दुपारचं." मंग म्हणली, "वन्सं, ते गरम असतंय. उन्हानं. आतपर्यंत गरम. तुमी कधी सांगितलं न्हाई."

मी काय सांगणार? पंधरा वर्षं उंबऱ्यात, सावलीला बसून खाल्लं मी ते. मला ठाऊकच नव्हतं.

अजिनाथ खालून हाक मारायला लागला, "अक्का, चल, मोळ्या ऱ्हायल्यात!" मी वाकडं फळ फोडलं. भरलेली बाजू बांधावर बसून सावकाश खाल्ली, बिया पदराला बांधल्या. चपट्या बाजूवर तिळाएवढा एक बारका येऊन बसलता, वासानं आला असंल कुठून तरी. मी ती बाजू तिथंच सावलीला ठेवली आन् कोयता घेऊन खाली उतरले.